मॅरोबीची कोरडी टाकी

ऑस्ट्रेलियाच्या दक्षिण किनाऱ्यावर मॅरोबी नावाचा तालुका आहे. पाच गावं आणि एक परिषद. पुढे समुद्र, मागे झुडपी रान. नदी एकही नाही. पावसाचं पाणी पत्र्याच्या टाक्यांत साठवून इथली माणसं वर्ष काढतात. तरीही कड्यावर, परिषदेच्या अंगणात, सर्वांत मोठी टाकी कोरडी उभी आहे. पाणीखात्यात आयुष्य घालवलेले हॅमिश आजोबा पाहुण्यांना आधी तिच्यावर टिचकी मारायला लावतात आणि मग सांगू लागतात.

इथे पूर्वी एल्स्पेथचं घर होतं म्हणे. पाणी किती उरलं हे ती लाकडी दांडक्याने टाकी ठोकून बघायची. उन्हाळ्यात टाकी रिकामी झाली की आवाज पार खडकांपलीकडे जायचा. मासेमारीला जाणारा नवरा, कॉलम, चिडवायचा, "भर समुद्रातही जेवायला हाका मारतेस होय गं?"

एका डिसेंबरात, म्हणजे इथल्या उन्हाळ्याच्या सुरुवातीला, टाकी काठोकाठ असताना, रान पेटलं. भर दुपारी धुराने समुद्र झाकला. पाच गावांच्या पाच होड्या बाहेर होत्या, आणि बंदराच्या तोंडाशी खडक. एल्स्पेथने टाकी ठोकली. नुसतं थप्प झालं. तिने तळाचं बूच काढलं.

शेजारीण पेग धावत आली. "अगं, आग कुंपणाशी आलीय. घर कशानं विझवशील?"

"भरलेली टाकी वाजत नाही, पेग."

पाणी तिच्या पायांवरून वाहून गेलं. ठोक्यागणिक आवाज मोकळा होत गेला. छप्पर पेटलं तेव्हा तिने मागे वळून पाहिलं नाही, असं सांगतात. आवाजाच्या रोखाने एक होडी आली, मग दुसरी, तिसरी, चौथी. प्रत्येक वेळी ती होडीतले चेहरे बघे आणि पुन्हा दांडकं उचले. पाचवी, कॉलमची, आली नाही.

तिसऱ्या दिवशी, एरवी एकमेकांना घोटभर पाणी न देणारी चार गावं पिंपं भरून घेऊन आली. एल्स्पेथ टाकीच्या शिडीसमोर आडवी उभी राहिली. फोडांनी भरलेले हात तिने पुढे धरले.

"भरू नका. तो अजून यायचाय."

कुणी वाद घातला नाही. पाच गावं पहिल्यांदा एकत्र बसली ती त्याच अंगणात, आणि परिषदेचा पहिला ठराव तेवढाच होता.

आजही, कितीही दुष्काळ पडो, ती टाकी भरत नाहीत. दर डिसेंबरात त्या दुपारी लोक आळीपाळीने ती ठोकतात. सगळ्या होड्या केव्हाच बंदरात लागलेल्या असतात. तरी सूर्य बुडेपर्यंत कुणी दांडकं खाली ठेवत नाही.