तुऱ्या खाडीत उतरतो

फार वर्षांमागे एका खाडीतले समुद्रघोडे जाळ्यांत सापडून सापडून संपले. मग काही माणसांनी काचेच्या टाकीत त्यांची पिल्लं वाढवली आणि खाडीत सोडली. त्यांत तुऱ्या होता.

शेपटीनं गवताची पात धरून तो वर बघत बसला. टाकीत खाणं वरून पडायचं. इथं पोट खपाटीला गेलं तरी काही पडेना.

"कुणाची वाट बघतोस रे?" शेजारच्या खेकडीनं, कुर्लीमावशीनं विचारलं.

"वाढणाऱ्यांची."

मावशी खो खो हसली. "बाळा, इथं वाढायला कुणी येत नाही. नाकासमोर बघ!"

समोरून बारीक जवळा चालला होता. तुऱ्या मागे धावला, पण सगळा निसटला. दमून तो पात धरून न हलता थांबला, तेव्हा एक जवळा आपणहून तोंडाशी आला. तुऱ्यानं तो सुर्रकन ओढला. काय चव होती!

पुढं तुऱ्याचं लग्न झालं. समुद्रघोड्यांत पिल्लं बापाच्या पोटपिशवीत वाढतात. एके दिवशी तुऱ्याच्या पिशवीतून पिल्लं भराभर बाहेर पडली. एकानं तर गवत समजून मावशीचीच नांगी धरली.

"सोडवू का त्याला?" तुऱ्यानं घाबरून विचारलं.

"खबरदार!" मावशी कुजबुजली. "किती वर्षांनी इथं तुमचं पिल्लू जन्मलंय."

भरती ओसरेपर्यंत तिनं नांगी हलवली नाही.