ओढ्यापलीकडचे बीळ

माळाच्या कडेला एक दाट जंगल होते आणि तिथल्या टेकडीच्या पोटात एक म्हातारी साळू, म्हणजे साळिंदर, एकटीच राहत असे. टेकडीवरची सगळी बिळे जंगलाच्या मालकीची. कुणी कुठे राहायचे ते अस्वल ठरवी. साळूची पिल्ले लहान होती तेव्हा तिला हे ऐसपैस बीळ मिळाले होते. पुढे पिल्ले मोठी होऊन दूर निघून गेली, जोडीदारही वारला. आता ती एका कोपऱ्यात निजे, बाकीचे बीळ ओस पडलेले असे. तिला दिसतही कमी. पण शेजारच्या झुडपातली सशीण रोज संध्याकाळी हाक मारी, "आजी, निघायचं का?" मग तिच्या आवाजामागून साळू कंदमुळे शोधायला जाई.

त्या वर्षी एक मुंगूस आपल्या पिल्लांना घेऊन उघड्या खडकाखाली दिवस काढत होते. त्यातले एक पिल्लू घारीने उचलून नेले. तेव्हा अस्वल साळूकडे आले. "तू एकटी, आणि एवढं मोठं बीळ! ती पोरं उघड्यावर आहेत. ओढ्यापलीकडे एक लहान बीळ रिकामं आहे, तिकडे राहायला जा." साळू नाही कोणत्या तोंडाने म्हणणार? जिथे तिची पिल्ले अंग घाशीत, त्या भिंतीला तिने एकदा नाक लावले आणि ती निघाली.

नवे बीळ कोरडे होते, उबदारही होते. पण ओढ्याच्या खळखळाटात पलीकडचा आवाज पोचत नसे. संध्याकाळी ती दाराशी कान देऊन बसे आणि अंधार दाटला की आत वळे. हळूहळू तिचे बाहेर पडणे थांबलेच. कधी ती उगाच दगडाशी बोलू लागे, आणि आपलाच आवाज ऐकून गप्प होई.

पावसाने फुगलेल्या ओढ्याचे पाणी ओसरल्यावर सशीण भेटायला आली. साळूची नुसती हाडे उरली होती. सशीण तडक अस्वलाकडे गेली.

"मी तिला बेघर थोडंच केलं?" अस्वल म्हणाले. "बीळ दिलंय की!"

"दिलंत. पण तिथं तिला हाक मारणारं कोण आहे? मुंगसाच्या पोरांना घर मिळालं, चांगलंच झालं. पण तुला कुठं जमेल, असं आजीला एका शब्दानं तरी विचारलंत का?"

अस्वलाने मान खाली घातली. मग ते स्वतः जाऊन साळूला सावकाश ओढ्याअलीकडे घेऊन आले. "मोठं बीळ आता परत देता येणार नाही, पोरं तिथं रुळलीत," ते म्हणाले. "पण या उतारावर तुझ्यापुरतं बीळ मी खणून देतो. सांग, कुठं खणू?"

असे साळूला आजवर कुणी विचारलेच नव्हते. तिच्या जुन्या बिळातून पिल्लांचा कलकलाट ऐकू येत होता. मग ती चार पावले पुढे गेली आणि सशिणीच्या झुडपाजवळ एका जागी तिने पंजाने माती उकरली.

"इथं," ती म्हणाली.

तात्पर्य इतकेच : गरजवंताला जागा मिळावी हा न्यायच आहे, पण त्यासाठी ज्याला उठवायचे, त्याला आधी विचारावे आणि त्याच्या सोबत्यांपासून त्याला तोडू नये.