येसूच्या विस्तवाची कहाणी

ऐक गं जिवती आई, तुझीच कहाणी तुला सांगते. आटपाट असं एक नगर. तिथं एक कोष्टीण होती, येसू. एक कासारीण होती, साळू. दोघी लहानपणच्या मैत्रिणी. एकीचं ताक दुसरीकडे, दुसरीची भाजी पहिलीकडे.

येसूला उशिरा मुलगा झाला. फार अशक्त. निजला की येसू त्याच्या नाकाशी बोट धरी. ऊब लागली की हायसं वाटे. मग पुन्हा धरी. साळू म्हणे, "अगं, झोपू दे की त्याला! तूच उठवतेस."

श्रावण आला. बायांनी जिवतीचं व्रत धरलं. चुलीतला विस्तव महिनाभर विझू द्यायचा नाही. उंबऱ्याबाहेर द्यायचा नाही. दिला तर फळही त्याच्याबरोबर जायचं. येसूनं मुलासाठी वसा घेतला. उठता बसता राख सारी, निखारा बघी.

इकडे साळू बाळंत झाली. मुलगी झाली. पावसानं छप्पर गळलं, चूल विझली, बाजेखालची शेगडी विझली. पोर गार पडायला लागली. मग साळूची सासू खापर घेऊन निघाली. वाणिणीच्या दारी गेली. "बाई, विस्तव दे." "व्रत आहे हो." सुतारिणीच्या दारी गेली. "एरवी दिला असता, व्रत आहे." पाटलिणीच्या दारी गेली. पाटलिणीनं दारच उघडलं नाही.

मग येसूकडे आली. "पोर गार पडतेय, बाई." येसूनं मुलाकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं. मग चिमटा घेतला. दोन निखाऱ्यांनी काय होणार, म्हणून सगळा विस्तव खापरात घातला. चूल काळी पडली. सासू गेल्यावर येसू मुलाला पोटाशी धरून रडली. नाकाशी बोट धरलं. पुन्हा धरलं.

दुसऱ्याच दिवशी श्रावणातला शेवटचा शुक्रवार आला. जिवती म्हातारी होऊन आली. घरोघर चुली धगधगत होत्या. म्हातारी बघे नि पुढे जाई. येसूच्या दारी आली. "तुझा विस्तव कुठं?" येसूनं ओळखलं, पाय धरले.

"नाही, आई. दिला. काय शिक्षा ती मला कर. मुलाला हात लावू नको."

इतक्यात साळू आली. खांद्याशी मुलगी, मागं शेगडी घेऊन सासू. "अगं हळू चाल, बाळंतीण ना तू!" सासू म्हणे.

साळू म्हणाली, "आई, हा हिचाच विस्तव. पडल्या पडल्या गोवऱ्या घातल्या, विझू दिला नाही. नेम मोडल्याचा दोष मला लाव, फळ हिला दे."

"गप गं," येसू म्हणाली. "हिची पोर तान्ही आहे. हिला दे."

"तुझा अशक्त आहे."

"असू दे!"

जिवती हसली. "भांडू नका. विस्तव जागता ठेवा, एवढंच मी म्हटलं होतं. दारं लावायला कुणी सांगितलं?" म्हणाली नि दिसेनाशी झाली.

मग शेगडीतला निखारा येसूच्या चुलीत गेला. भात शिजला. मुलगा म्हणाला, "आई, अजून वाढ." पोटभर जेवला नि निजला. येसू साळूशी बोलत बसली. नाकाशी बोट धरायचं विसरली.

जिवती आई, तशी झोप आमच्या लेकरांना दे, तसा विसर आम्हां आयांनाही दे. साठा उत्तरांची ही कहाणी पाचांत आवरली, ऐकणारीला नि सांगणारीला सुफळ होवो.