वालाचा चालता शेंडा

एका गावात सटवाजी नावाचा दोर वळणारा राहत होता. हात असा, की अंबाडीचे तंतू तो म्हणेल तसे वळत. जत्रेतला रथ त्याच्याच दोराने ओढत, आणि तो दोर कधी तुटला नाही. त्यामुळे सटवाजीची मान जरा ताठ झाली होती, हेही खरंच.

शेजारच्या धोंडाअक्काने त्याला वालाचं बी दिलं. त्याने ते दाराच्या दोन्ही खांबांपाशी पेरलं. वेल सरसर वर चढू लागले. पण दोघेही एकाच बाजूने खांबाला वेढे घालत होते. हे काही सटवाजीला पटेना. दोरात एक पीळ उजवा आणि एक डावा असला, तरच दोर टिकतो. मग दाराचे वेल दोन्ही एकाच बाजूचे कसे? त्याने एका वेलाचा शेंडा सोडवला आणि उलट्या बाजूने गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहतो, तर शेंडा सुटून पुन्हा आपल्या वाटेने चढलेला! त्याने पुन्हा उलटा गुंडाळला. पुन्हा तेच. असे चार दिवस गेले आणि सटवाजीचं डोकं भडकलं. कुंपणापलीकडे घर एकट्या धोंडाअक्काचं. तो तडक चावडीवर गेला आणि चारचौघांत म्हणाला, "ही म्हातारी माझा वेल सोडवते. माझ्या दाराची शोभा तिला बघवत नाही."

हे अक्काच्या कानावर गेलं. तिने कुंपणाकडे यायचं सोडलं. पाणवठ्यावर बायका तिच्याशी तुटक बोलू लागल्या. वीस वर्षांचा शेजार एका वेलापायी मोडला.

चोर रंगेहाथ धरायचाच, म्हणून एके सकाळी सटवाजी शेंडा पुन्हा उलटा गुंडाळून अंगणात बाज टाकून बसला. वारा पडलेला. आजूबाजूला चिटपाखरू नाही. तरी उलटा वेढा हळूहळू ढिला पडला आणि शेंडा मोकळा झाला. त्याचं टोक आधी विहिरीकडे होतं. सटवाजीची भाकरी खाऊन होते तोवर ते कडुलिंबाकडे वळलं. मग अक्काच्या कुंपणाकडे. मग फिरून खांबापाशी आलं आणि आपल्याच बाजूने त्याला बिलगलं.

सटवाजी टाळ्या पिटत उठला. "अगं, वेल चालतोय! आपला आपण चालतोय!"

बायको बाहेर आली. सगळं ऐकून हळूच म्हणाली, "आता गप बसा. कुणी पाहिलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

सटवाजीचा आनंद क्षणात उतरला. त्याला फार लाज वाटली. "मूठ माझी झाकेल गं," तो म्हणाला, "पण डाग अक्काला लागलाय."

तो तसाच चावडीवर गेला. "मी अक्कावर खोटा आळ घेतला," त्याने सर्वांसमोर सांगितलं. "चला, खरा चोर दाखवतो!"

सगळं गाव अंगणात येऊन बसलं. वेलांचे शेंडे हवेत संथ फेरे घालताना पाहून म्हातारेकोतारेही पोरांसारखे हरखले. अक्काही कुंपणापाशी आली होती. सटवाजीने तिच्यापुढे हात जोडले. "चुकलो, अक्का."

अक्काने वेलाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "अरे सटवाजी, मला कुणाला वळण लावता आलं असतं, तर वेल कशाला, आधी तुलाच नसतं लावलं?"

अंगणात हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने हसला तो सटवाजीच.

तात्पर्य: वाढत्या जिवाला आधार द्यावा, वाट त्याची त्याला धरू द्यावी, आणि चारचौघांत घेतलेला खोटा आळ चारचौघांतच मागे घ्यावा.