हात गुंतलेला बाप

एकदा एक विद्वान शिष्य आपल्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन वृद्ध गुरूंकडे आला. मुलीच्या हातात लाकडी कोडे होते. नऊ तुकडे नीट जुळले, की त्यांचा हत्ती व्हायचा.

"गुरुजी, हिला बुद्धी आहे ना, तेवढं पाहा," तो हळूच म्हणाला. "महिनाभर रोज हिच्याजवळ बसतो. आता तुकडे पुढे ठेवले, की म्हणते, 'बाबा, तुम्हीच करा.'"

"आणि तू करतोस?"

"क्षणात!" शिष्याच्या स्वरात नको तितका अभिमान होता.

गुरूंनी मुलीपुढे तुकडे ओतले. मग सुताची एक लडी काढून ती शिष्याच्या दोन्ही हातांवर ताणून चढवली आणि सूत गुंडाळायला बसले.

शिष्य मनात चरफडला. पोरीचं पाहायचं सोडून यांना सूत सुचतंय! त्यात गुंडाळणंही गोगलगायीच्या गतीचं.

मुलीने एक तुकडा हत्तीच्या मागच्या बाजूला लावून पाहिला.

"अगं, ती सों..." शिष्य पुढे झुकला. लडी ढिली पडली.

"हलू नकोस. गुंता होईल," गुरू म्हणाले.

"बाबा, हे शेपूट आहे का?"

शिष्याने ओठ आवळले. "तुला काय वाटतं?" त्याने विचारले. हा प्रश्न त्याने तिला आजवर विचारलाच नव्हता.

तिने तुकडा निरखला. "एवढं जाड शेपूट असलं, तर हत्तीला बसताच येणार नाही." तिने तो पुढे नेऊन लावला. अचूक बसला. बाकीच्या तुकड्यांना बराच वेळ लागला, पण लडी संपेपर्यंत हत्ती पुरा झाला होता.

"म्हणजे मी दूर राहायचं?" शिष्याने विचारले.

"दूर गेला असतास, तर माझं सूत कोणी धरलं असतं? लडी धरणारा काहीच करत नाही, असं वाटतं. पण त्याने ओढलं तर सूत तुटतं, आणि तो उठून गेला तर गुंततं. तो नीट धरून बसतो, म्हणून ते सुटत जातं. हिची बुद्धी कमी नव्हती, बाळा. हिच्या वाट्याला कोडं उरतच नव्हतं."

शिष्याने मान खाली घातली. तोवर मुलीने हत्ती मोडून तुकडे पुन्हा पसरले होते.

"बाबा, इथे बसा," ती म्हणाली. "पण काही करू नका हं."

तो बसला. इतकी शास्त्रे शिकलेल्या त्या माणसाला एवढे अवघड काम आजवर कोणी सांगितले नव्हते.