चांदीला हवा हवी

बागेत होतं एक तळं. तळ्यात होती एक मासोळी, चांदी. काठावर होती एक बेडकुली, टिपकी. अंगठ्याएवढी.

एका सकाळी टिपकी बघते तर पाणी गप्प. एकही बुडबुडा नाही. चांदी वर आलेली. तोंड उघडते, तोंड मिटते. आऽ... आऽ...

"पाण्यातली हवा संपली," टिपकी म्हणाली. "चांदीला दम लागला."

टुणुक टुणुक, टिपकी गेली दगडी गोमुखाकडे.
"गोमुखा, गोमुखा, धार सोड. चांदीला हवा मिळत नाही."
"मी नाही सोडत जा. पाट वाहील, तर मी सोडेन."

टुणुक टुणुक, टिपकी गेली पाटाकडे.
"पाटा, पाटा, वाहा. गोमुख धार सोडत नाही, चांदीला हवा मिळत नाही."
"मी नाही वाहत जा. वाटेत मातीचा बांध. फावडं खणेल, तर मी वाहीन."

टुणुक टुणुक, टिपकी गेली फावड्याकडे.
"फावड्या, फावड्या, खण. पाट वाहत नाही, गोमुख धार सोडत नाही, चांदीला हवा मिळत नाही."
"मी नाही खणत जा. सगुणामावशी उचलेल, तर मी खणेन."

टुणुक टुणुक, टिपकी गेली सगुणामावशीकडे. बाग तिची. बांध तिनंच घातलेला.
"मावशी, मावशी, फावडं उचल. फावडं खणत नाही, पाट वाहत नाही, गोमुख धार सोडत नाही, चांदीला हवा मिळत नाही."
"मी नाही उचलत जा. पाणी वांग्यांना वळवलंय. आणि हवा कसली? तोंड उघडते म्हणजे भूक लागलीय तिला."

मावशीनं तळ्यात भात टाकला. टप टप टप.
चांदीनं भाताकडे बघितलंही नाही. आऽ...... आऽ......

"मावशी, भूक असती तर खाल्लं नसतं का?"

मावशी वाकली. बघत राहिली.
"चुकलं माझं. हो बाजूला, बेडकुले."

तिनं पदर खोचला. मावशीनं फावडं उचललं. फावड्यानं बांध खणला, खच्च खच्च. पाट वाहिला, खळखळ खळखळ. गोमुखानं धार सोडली, धो धो धो.

धार पडली. हवा घेऊन पाण्यात शिरली. खाली, खाली, पार तळापर्यंत. बुडबुडेच बुडबुडे, पांढरे, चमचमते. चांदी त्यांच्या मधोमध गेली. तिचे कल्ले उघडले. मिटले. उघडले. मग शेपटी हलली, सुळ्ळकन.

"बाई गं," मावशी हळूच म्हणाली. "पाणीसुद्धा श्वास घेतं."

वांग्यांना पाणी मिळालं संध्याकाळी. सकाळभर मावशी आणि टिपकी काठावर बसल्या होत्या. नुसत्या बघत.