दरीपलीकडचा निरोप

एका जंगलाला मधोमध चिरत खोल दरी गेली होती, आणि तिच्या अलीकडच्या काठावर एक हरिणी रोज चरायला येत असे. तिचं पाडस पलीकडच्या उंच गवतात लपलेलं असे. आईचा शब्द आल्याशिवाय जागचं हलायचं नाही, ही हरणांची रीतच. पण हरिणीचा नाजूक आवाज दरी ओलांडणार कसा? म्हणून सगळं रान आपापले निरोप हत्तीला सांगे, आणि हत्ती सोंड वर करून ते पलीकडे पोचवी.

रानात प्राणी वाढले, तसे निरोपही वाढले. हत्तीपुढे रांग लागू लागली. कोल्हा म्हणाला, हत्तीला दुप्पट चारा घाला. घातला. आवाज वाढलाही, खोटं कशाला बोला? पण काही दिवसांतच रांग पुन्हा होती तिथे आली. हरिणीला प्रश्न विचारायची भारी खोड. तिने विचारलं, "गजदादा, तुमचा घसा बसला तर?"

"बाई, हत्तीचा घसा बसत नसतो," हत्ती म्हणाला, आणि रांगेतले सगळे हसले.

जवळच्या बोरीत सातभाई पक्ष्यांचा थवा राही. ते म्हणाले, आमच्यातला एकेक जण एकेकाचा निरोप नेईल. पण पहिल्याच दिवशी सशाचा निरोप घेऊन निघालेला पक्षी वाटेत किड्यामागे गेला आणि निरोपच विसरला. कोल्ह्याला तेवढंच हवं होतं. "इतकी तोंडं, आणि एकालाही धड सांगता येईना," तो म्हणाला. थवा मान खाली घालून बसला. हरिणी मात्र विचारातच पडली होती. तिने थव्यातल्या म्हातारीला विचारलं, "आजी, जो उडाला त्याच्यापाशी काय निरोप आहे, हे मागे राहिलेल्या कोणालाच ठाऊक नसतं का गं?"

म्हातारीने थव्यावरून नजर फिरवली. मग म्हणाली, "नसतं. आम्ही काम वाटलं, खबर वाटलीच नाही." त्या दिवसापासून निघणारा पक्षी आधी शेजाऱ्याच्या कानात निरोप सांगे, मगच उडे. शेजारी त्याच्यावर डोळा ठेवी.

भर उन्हाळ्यात एका दुपारी पलीकडचं गवत पेटलं. हत्तीने सोंड उचलली, तर नुसती वाफ बाहेर पडली. सकाळपासून ओरडून त्याचा घसा पार बसला होता. हरिणी बोरीकडे धावली. "माझ्या पाडसाला सांगा, आई म्हणते ऊठ, ओढ्याकडे पळ." एका पक्ष्याने ते शेजाऱ्याच्या कानात घातलं आणि झेप घेतली. वणवा लागला की शिकारी पक्षी धुराभोवती घिरट्या घालतातच. त्यांतला एक शिक्रा निरोप नेणाऱ्या पक्ष्यावर तुटून पडला. पक्ष्याने दरीतल्या काटेरी झुडपात बुडी मारली. पण शेजारी केव्हाच उडाला होता. कोणाला काही विचारायला तो थांबलाच नाही. तो धुरात शिरला, गवत हललं, आणि पाडस ओढ्याच्या दिशेने सुसाट निघालं.

हरिणी पाण्यात उभ्या पाडसाकडे बघत होती, तेव्हा झुडपातला पक्षी खरचटलेल्या अंगाने परत आला. शेपटीची दोन पिसं गेली होती. त्याने एवढंच विचारलं, "निरोप पोचला ना?"

तात्पर्य : सगळ्यांचा भार एकाच्याच गळ्यात घालू नये, मग तो हत्ती का असेना, आणि काम वाटून घ्याल, तर त्याची खबरही वाटून घ्या.